१५५ वर अडकलेलं ब्रिस्केट

माझं काम मांसात सुया खुपसायचं. सुया म्हणजे तापमान मोजणारे प्रोब. ते एका डबीला जोडलेले असतात, डबी वायफायला, आणि दर मिनिटाला एक आकडा आमच्या सर्व्हरवर येऊन पडतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीतली बरीच बार्बेक्यू रेस्टॉरंट, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद भाजलेलं मांस विकणारी, आमची गिऱ्हाइकं आहेत. कुठली, ते सांगायचं नाही असं करारात लिहिलेलं आहे, त्यामुळे पुढची हकिगत कुठे घडली ते विचारू नका.

आणखी एक सांगून टाकतो. मी गाईचं मांस खात नाही. शिरोळकडच्या घराची सवय, ती इथेही सुटली नाही. ज्या शहराचं नाव ब्रिस्केटवर, म्हणजे गाईच्या छातीकडच्या मांसावर चालतं, तिथे बार्बेक्यूवाल्यांच्या भट्ट्या सांभाळणारा माणूस ब्रिस्केट चाखत नाही, यावर ऑफिसात भरपूर हसून झालेलं आहे. डुकराच्या बरगड्या मात्र इथे आल्यावर खायला लागलो, आणि त्या बाबतीत माझी मतं आता इथल्या कुणाइतकीच ठाम आहेत.

मतं असल्याशिवाय इथे निभावच लागत नाही. चांगलं बार्बेक्यू कुठलं असं विचारलं की माणसं आधी तुमच्या तोंडाकडे बघतात आणि मग स्वतःच्या आजोबांपासून सुरुवात करतात. गंमत म्हणजे भांडणाऱ्या बऱ्याच घराण्यांचं मूळ एकच. मेम्फिसकडून आलेला हेन्री पेरी नावाचा कृष्णवर्णीय माणूस १९०८ च्या सुमाराला इथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांच्या भागात, एका बोळात, धुरावर भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा. १९४० मध्ये तो गेला. त्याच्या हाताखालच्या चार्ली ब्रायंटने धंदा चालवला आणि १९४६ मध्ये तो भाऊ आर्थरकडे आला. तेच आजचं आर्थर ब्रायंट्स. त्याच वर्षी जॉर्ज गेट्सने स्वतःचं दुकान काढलं, आणि त्याच्या भट्टीवरचा माणूसही पेरीकडे शिकलेला. म्हणजे दोन्ही घरांत विस्तव एकाच चुलीतून गेला, आणि गिऱ्हाइकं मात्र आजही एकमेकांच्या सॉसला नाकं मुरडतात.

मांसाची कमतरता तर नव्हतीच. १८७१ पासून इथे गुरांचा प्रचंड बाजार होता, देशात शिकागोच्या खालोखाल. १९९१ मध्ये तो बंद झाला. ब्रिस्केट हा त्यातला चिवट, स्वस्त भाग, गरिबाच्या वाट्याला येणारा. त्याला मऊ करायचा उपाय एकच, मंद आच आणि रात्रभराचा वेळ.

ब्रायंट्समध्ये पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसवर मांसाचा ढीग येतो. तिथला सॉस आंबट, जिभेला किंचित रवाळ लागणारा; पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला आवडला नव्हता, आता दुसरीकडचे गोड सॉस गुळमट वाटतात. गेट्सचं दार ढकललं की आत पाऊल पडायच्या आधी काउंटरवरून 'हाय, मे आय हेल्प यू?' अशी आरोळी येते. नवखा माणूस दचकतो आणि जे मनात नव्हतं तेच मागून बसतो. जोज् हे चक्क पेट्रोल पंपाच्या इमारतीत आहे, तेही राज्याची हद्द ओलांडून पलीकडच्या कॅन्सस राज्यात. जॅक स्टॅक हे खुर्चीत बसून, मेनू वाचून जेवायचं ठिकाण. तिथे कोकराच्या बरगड्या मिळतात. मटणावर वाढलेल्या माणसाने पाहुण्यांना कुठे न्यावं हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटतो.

पण हे सगळं काउंटरच्या अलीकडून. कामाच्या दिवशी मी पलीकडच्या बाजूला असतो.

त्या शनिवारी सकाळी सातला फोन वाजला. शहराच्या पूर्वेकडचं एक जुनं घरगुती रेस्टॉरंट. विटांची भट्टी, हिकरी नावाच्या झाडाचं लाकूड, दुपारी माल संपला की पाटी उलटी. मालक सत्तरी ओलांडलेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी भट्टी लेकीच्या हवाली केली होती. लेकीने वीस वर्षं गल्ला, हिशेब आणि गिऱ्हाइकं सांभाळली, भट्टी कधीच नाही. म्हणून तिने आमचे सेन्सर घेतले होते.

"तुझी यंत्रं बंद पडलीत," ती म्हणाली. "चार तास झाले, सगळी ब्रिस्केट १५५ वर अडकलीत. संध्याकाळी पाचला चर्चचं जेवण आहे. मी आता आणखी लाकडं टाकतेय."

"मॅम, मी येईपर्यंत लाकूड टाकू नका," मी म्हटलं आणि निघालो. जाता जाता फोनवर तिचा ग्राफ उघडला. मध्यरात्रीपासून रेघ छान चढत गेलेली, पहाटे तीनच्या सुमाराला १५० फॅरनहाइटच्या पुढे वाकलेली, आणि तिथून पुढे टेबलासारखी सपाट. सहाच्या सहा प्रोबची. यंत्र बिघडलं तर असं सहाजणांनी ठरवून बिघडत नाही.

या थांब्याला इथे 'स्टॉल' म्हणतात. १५० ते १७० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६५ ते ७७ सेल्सियसच्या पट्ट्यात मांसाचा मोठा तुकडा तासन् तास थबकतो. भट्टी तापलेलीच असते, पण आतला आकडा हलत नाही. पूर्वी लोक म्हणायचे की सगळी उष्णता मांसातल्या चिवट कोलॅजेन तंतूंचं मऊ जिलेटिन करण्यात खर्ची पडते. ते होतं खरं, पण कारण ते नव्हे. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने भट्टीत मांसासोबत चरबीचा गोळा आणि ओला स्पंज ठेवून बघितला. चरबी न थांबता तापत गेली, स्पंज मात्र मांसासारखाच अडकला. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि उडताना ते उष्णता घेऊन जातं. आपल्या माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने ब्रिस्केट तापायचं थांबतं. पृष्ठभाग सुकला की गाडी आपोआप पुढे निघते.

मी पोहोचलो तेव्हा ती भट्टीच्या दारापुढे हातात ओंडका घेऊनच उभी होती. म्हातारबुवा कोपऱ्यात खुर्चीत, काठी मांडीवर आडवी.

"सर, तुम्ही सांगितलं नाहीत का यांना?" मी विचारलं.

"मला कुणी विचारलं तर सांगणार ना, पोरा," ते म्हणाले. "ते रोजच तिथे थांबतं. मी त्याला कधी नंबर दिला नव्हता इतकंच."

त्यातच सगळं आलं. पन्नास वर्षं त्यांनी मांसाला काटा टोचून, बोटाने दाबून, काळा थर बघून पारख केली. १५५ हा आकडा त्या भट्टीत दर रात्री होता, पण तो वाचणारं कुणी नव्हतं म्हणून त्याची भीतीही नव्हती. आम्ही नेऊन बसवली ती भीती. महिन्याच्या हप्त्यावर.

तोंडी समजावून उपयोग नव्हता, शिवाय तिला बापाकडून ऐकून घ्यायचंच नव्हतं. बर्फाचा चुरा आणि पाणी पेल्यात घेऊन प्रोब बुडवले: ३२. उकळत्या पाण्यात: २१०, आणि समुद्रसपाटीपासून आम्ही जितके उंच आहोत त्या हिशेबाने ते अगदी बरोबर. मग भांडी घासायचा कोरा स्पंज ओला केला, त्यात प्रोब खोचला आणि भट्टीत जाळीवर ठेवला. आकडा भराभर चढला, मंदावला आणि एका जागी ठाण मांडून बसला. ती बराच वेळ फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. ओंडका खाली ठेवला.

मग तिने विचारलं, "दुसऱ्यांचं पण असंच होतं? दाखव मला त्यांचे ग्राफ."

ते दाखवता येत नाहीत. तिचेही मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. आमच्या ऑफिसातल्या चाचणीच्या भट्टीत केलेल्या डुकराच्या खांद्याचा ग्राफ होता, तो दाखवला. पण प्रश्न रास्त होता, कारण उत्तर मला रोज दिसतं. एका शहरातल्या नावाजलेल्या भट्ट्यांच्या रेघा एकाखाली एक लावल्या तर थांब्यापर्यंत त्या ओळखू येत नाहीत. विटांची भट्टी असो, गॅसची जोड असलेली फिरत्या जाळ्यांची पोलादी पेटी असो, हिकरी असो की ओक, मांस तिथे येऊन थबकतंच. फरक पडतो तो पुढे. कुणी थांबा लागला की मांस कागदात गुंडाळतात. पाणी उडायचं थांबतं, वेळ वाचतो, काळा थर जरा मऊ पडतो. कुणी उघडंच ठेवून वाट बघतात. २०० च्या आसपास तयार झालेलं मांस कुणी तासाभरात कापून विकतात, कुणी गरम कपाटात दहा-दहा तास झोपवतात. लोक सॉसवरून भांडतात. मला विचाराल तर भट्टीतून निघाल्यापासून ताटात पडेपर्यंत मांस कुठे आणि किती गरम होतं, यावर दुकानांची प्रतवारी लावावी. पण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि त्यावर कुणी भांडतही नाही.

हे डोक्यात होतं म्हणून असेल, किंवा हातात मोकळा प्रोब होता म्हणून, मी निघताना सहज त्यांच्या गरम कपाटाकडे वळलो. तिथे आमचा सेन्सर नव्हता. तिने फक्त भट्टीसाठी घेतले होते, पैसे वाचवायला. कपाटात आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेले पोर्कचे ट्रे होते, पिंजून मोकळं केलेलं मांस, वर फॉइल. बाहेरची डायल १५० वर. मी मधल्या ट्रेमध्ये प्रोब खोचला.

११६.

वरचा ट्रे १२१. खालचा १११. दुसरा प्रोब घालून पाहिला, तेच. दाराच्या कडेचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, बोट आत जात होतं. आणि डायल काय, तुम्ही काय मागितलंत ते सांगते, मिळालं काय ते नाही.

अमेरिकेच्या अन्ननियमांत गरम ठेवलेल्या मांसाची किमान मर्यादा १३५ फॅरनहाइट, म्हणजे ५७ सेल्सियस आहे. त्याखाली, विशेषतः ११० ते ११७ च्या आसपास, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू इतक्या वेगाने वाढतो की मोठ्या जेवणावळींतल्या विषबाधेत त्याचं नाव हटकून येतं. शिजवताना त्याचे बीजाणू मरत नाहीत. मांस कोमट मिळालं की ते उगवतात. बाहेरून काही कळत नाही. वास चांगला, रंग चांगला. त्या ट्रेचं फॉइल उचललं तेव्हा माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

मी आरोग्य खात्याचा माणूस नाही. शिक्का मारायचा, चिठ्ठी फाडायचा मला अधिकार नाही. मी आकडा वाचला आणि पडदा तिच्यासमोर धरला.

म्हातारबुवा काठी टेकत उठले. "पुन्हा भट्टीत टाक, दोनशेवर ने, काही होत नाही. जन्मभर असंच खाल्लंय आम्ही."

"कधीपासून असं होतं, ते आपल्याला माहीत नाही," ती म्हणाली. ही हिशेबाची बाई होती. तारीख-वेळ नसलेली नोंद तिला चालत नव्हती. "रात्रीपासून असेल. गेल्या महिन्यापासून असेल."

"चर्चची माणसं काय खातील?"

"ब्रिस्केट. आणि कोंबडी आणून आत्ता चढवते. पोर्क नाही मिळणार, मी फोन करून सांगते."

बापलेकीचं पुढचं बोलणं मी ऐकू नये असं होतं म्हणून मागच्या दाराने बाहेर गेलो, पण ते सगळं ऐकू आलं. पैशाचं होतं थोडं. बरंचसं, भट्टी आता कुणाची, याचं होतं. मग दार उघडलं आणि ती ट्रे घेऊन आली. कचऱ्याच्या मोठ्या पेटीत एकेक ट्रे उपडा करत होती आणि प्रत्येक ट्रेचं वजन मोठ्याने सांगत होती, मला वाटलं माझ्यासाठी. वहीत लिहायला होतं. एका खांद्याला दहा-बारा तासांचं लाकूड, रात्रीची जाग, आणि शिजून जवळजवळ निम्मं उरलेलं वजन. मी तिच्या हातातले दोन ट्रे घेतले.

साडेआठच्या सुमाराला आत एक बीप वाजली. सहापैकी एका प्रोबवर १५९. मग १६०. ती धावत आत गेली. म्हातारबुवा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते, पण आकडे ती त्यांना वाचून दाखवत होती आणि ते मान डोलावत होते.

ऑफिसला अहवाल पाठवायचा होता. आमच्या फॉर्मवर 'सेन्सर सदोष: होय / नाही' एवढाच रकाना आहे. मी 'नाही' वर खूण केली. कपाटाचं लिहायला जागा नव्हती म्हणून वेगळी मेल टाकली. सोमवारी तिचा फोन आला: कपाटासाठी दोन सेन्सर हवेत, आणि सवलतीत हवेत. दाराचं रबर तिने त्याच दुपारी बदललं होतं. चर्चचं जेवण वेळेवर झालं होतं. कोंबडी संपली, ब्रिस्केट थोडं उरलं.

सेन्सर बसवायला गेलो तेव्हा म्हातारबुवांनी ब्रिस्केटचं ताट पुढे केलं. मी खात नाही म्हटल्यावर कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ताट मागे घेतलं आणि बरगड्या आणून ठेवल्या. उत्तम होत्या. हाडावरून मांस गळून पडत नव्हतं, दाताने ओढलं की सुटत होतं, जसं असायला हवं.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "सगळ्यांच्या भट्टीत तुझ्या सुया असतात. बरगड्या कुणाच्या चांगल्या?"

मी खरं सांगितलं. दुकान राज्याच्या हद्दीपलीकडचं निघालं. पुढची दहा मिनिटं त्यांनी त्या दुकानाच्या सॉसला, लाकडाला आणि अख्ख्या कॅन्सस राज्याला नावं ठेवली, आणि लेकीला ओरडून सांगितलं की या पोराने मागितलेले पूर्ण पैसे दे, सवलत मागू नकोस, याला चवीतलं काही कळत नाही पण खोटं बोलत नाही.