जाळं मीच सुचवलं होतं

कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरची लस एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. बाटली शंभर पिल्लांची, म्हणून एका घरासाठी ती फोडता येत नाही. वाडीतली सगळी पिल्लं साधारण सात दिवसांची केव्हा होतात याचा मेळ घालायचा, थर्मासात बर्फ भरायचा आणि उजाडताच, खुराडी उघडायच्या आत पोचायचं. मी पशुसखी, म्हणजे गावातल्या गुराकोंबड्यांची देखभाल बघणारी, शिकवणारी बाई. आमचं निम्मं काम म्हणजे हा मेळ.

मृग लागून चार दिवस झाले होते. आमच्या दापोली तालुक्यातली ही वाडी, पहिलं घर काकीचं. तिच्या पिल्लांच्या डोळ्यांत थेंब टाकून झाले तशी ती म्हणाली, "बाय, रवणावर बसलीय तिची अंडी पण बघून जा."

त्या अंड्यांत माझा जीव होता. ग्रामप्रिया जातीची कोंबडी अंडी भरपूर देते, पण खुडूक होऊन रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसणं तिच्या रक्तात नाही. म्हणून तिची तेरा अंडी मी गावठी कोंबडीखाली ठेवली होती. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली, म्हणजे दुसरी एखादी मध्येच अंडं घालून गेली तर ओळखू यावं. आज आठवा दिवस. आता अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं की आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. कितीदा पाहिलं तरी मला ते बघायची घाई होते.

घाईच नडली असती. वाकून आत पाहिलं तर कोंबडी अंड्यांवर नव्हती. वरच्या दांडीवर पिसं फुलवून गप्प बसली होती. खुडूक कोंबडी दाणापाण्यापुरती उठते आणि परत येते, ती अशी दांडीवर बसत नाही. हे मी बायकांना शिकवते. तरी माझा हात पुढे गेलाच. कोपऱ्यात जाळ्याचा गुंडाळा पडलाय असं वाटलं. गुंडाळ्याने फुत्कार सोडला.

नाग होता. पुढचं अंग जाळ्याच्या आत, शेपटी चिऱ्यांच्या फटीत, आणि मध्ये दोन ठिकाणी अंडी गिळल्याचे फुगवटे.

गेल्या वर्षी मुंगसाने काकीची पिल्लं नेली, उरलेल्यांवर घारीचा डोळा. पाव इंची वेल्डेड जाळी लावायची, फूटभर जमिनीत पुरायची, हे मला पाठ आहे. प्रशिक्षणात पडद्यावर तसं देखणं खुराडंही दाखवतात. योजनेत पिल्लं मिळाली, जाळीचे पैसे कुणी दिले नाहीत. बाजारातली स्वस्त षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. म्हणून मी सांगितलं, हर्णैहून टाकाऊ मासेमारीचं जाळं आणा, चांगलं दुहेरी गुंडाळा. फुकटचा उपाय म्हणून माझं कौतुकही झालं. घार थांबली, मुंगूस थांबला.

फोन केल्यावर चाळीस मिनिटांनी सर्पमित्र आला. तोवर अंगणात पंधरा माणसं आणि तितकेच मोबाइल. एकाच्या हातात काठी. नाग आता वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारलात तर तुरुंग, असं मी ओरडले. त्यावर काकी म्हणाली, "राखणदार आहे तो." मग थांबून, "पण राखणदाराने अंडी का खावी?"

सर्पमित्र पोरानेच होता; त्याने नागाचं तोंड पारदर्शक नळीत घेतलं, नळीसकट मान धरली आणि नखं कापायच्या बाकदार कात्रीने धागे तोडायला बसला. सापाचे खवले मागे वळलेले असतात. पुढे सरकताना धागा त्यांवरून घसरतो, मागे फिरताना खवल्याखाली जातो. जितका सुटायला बघेल तितका रुततो. नऊ धागे होते. तोडताना एकदाही त्याने मान वर केली नाही. मध्येच नागाने अंडी ओकली. एकाला तडा गेला होता, दुसरं अख्खं, चिकट, चकचकीत, आणि त्यावर माझी फुली जशीच्या तशी.

काकीने ते पदराला पुसून परत कोंबडीखाली ठेवलं. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. एकविसाव्या दिवशी इतर नऊ फुटली, ते फुटलं नाही.

पोराने जखमा पाहिल्या, नागाला बरणीत घातलं आणि वनखात्याकडे घेऊन गेला. जगला का, हे विचारायचं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा टाळलं. थर्मास उघडला तेव्हा अडीच तास झाले होते. उरलेली लस उकळत्या पाण्यात टाकली. साठेक पिल्लं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर ती मासेमारीची जाळी काढायला निघाले. माझ्याच सांगण्यावरून सहा घरांनी लावली होती. दाणे सांडू नका, उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो; अंडी संध्याकाळी उचला; चिऱ्यांच्या फटी सिमेंटने भरा. हे सगळं पुन्हा सांगितलं, कारण ते फुकट आहे. रॉकेल शिंपडून, लसूण टांगून काही होत नाही हेही सांगितलं. चौथ्या घरी आजी ओट्यावर बसली होती. जाळ्याला हात लावायच्या आधीच तिने विचारलं, "काढ गो, पण मुंगूस आला की फोन तुला लावू का?"

ते जाळं मी अजून काढलेलं नाही. खालची कड तेवढी वर उचलून बांधून आले.