रोल संपवायचा फोटो

आमच्या घरात 'रोल संपवायचा फोटो' असा एक स्वतंत्र प्रकार होता. मुंजीचा फोटो, बारशाचा फोटो, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला फोटो, आणि मग हा.

अण्णांकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार झालेला, काळा, वजनाला इतका हलका की पहिल्यांदा हातात घेणारा माणूस तो उघडून आत काही आहे का ते बघे. त्यात एकशे वीसचा रोल बसायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. मुंजीत दहा काढले की दोन उरत. बारा झाल्याशिवाय रोल धुवायला टाकणं हे अण्णांच्या लेखी ताटात अर्धी भाकरी टाकून उठण्यासारखं होतं. मग तो रोल महिना-महिना कॅमेऱ्यात बसून राही. शेवटी आई वैतागून म्हणे, "अहो, संपवा की तो रोल एकदाचा. बटूच्या डोक्यावर परत केस आले!" मग अण्णा कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर येत आणि समोर जे दिसेल त्यावर उरलेले दोन उडवून मोकळे होत.

परवा अल्बम काढला होता. मुंजीचे, लग्नाचे फोटो भराभर उलटले. सगळीकडे तीच माणसं, एका रांगेत, उन्हाने डोळे बारीक केलेली. हात थांबला तो रोल संपवायच्या फोटोंवर. एकात शेजारच्या मामांची ओसरी आहे. वीज गेलेली असणार, कारण आतला माग बंद आहे आणि मामा टॉवेलच्या ढिगावर डोकं टेकून भर दुपारी झोपलेत. एक चप्पल पायात आहे, दुसरी फरशीवर उपडी पडलीय. ओसरीच्या कडेला अर्धा मुलगा आहे. अर्धाच, कारण बाकीचा चौकटीबाहेर गेला. तो मी. मामा गेले, ओसरी गेली, तिथे आता तीन मजले उभे आहेत. त्यांचा झोपलेला हा फोटो सोडला तर दुसरा फोटो त्यांच्या घरीही नाही. काढला तेव्हा तो कोणाला हवा होता म्हणून नव्हे, रोल अडला होता म्हणून.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात घरी आलेलं एक खोकं. लकी नावाच्या चिनी कंपनीची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, एसएचडी ४००, आणि तीही एकशे वीसच्या मापात. लकी म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांसमोर आधी लकी चौक येतो, फिल्म नाही. पण एके काळी जगभरच्या हौशी आणि कडक्या फोटोवाल्यांना ही फिल्म चांगली ठाऊक होती. स्वस्त होती आणि थोडी वेडीवाकडीही. चांगल्या फिल्मच्या पाठीला एक थर असतो, तो आरपार गेलेला उजेड गिळून टाकतो. जुन्या लकीत त्याच थराच्या नावाने बोंब होती, त्यामुळे दिव्याचा फोटो काढला की दिव्याभोवती धुकट प्रभावळ उमटायची. काहींना तो दोष वाटे, काहींना देवत्व. मधल्या काळात फिल्मचा बाजारच बसला आणि ही फिल्मही दिसेनाशी झाली. आता ती परत आलीय.

सोलापूरकराने या खोक्याकडे जरा जास्त वेळ बघावं, असं आणखी एक कारण आहे. हा कारखाना चीनच्या हपै प्रांतातल्या बाओडिंग शहरातला, १९५८ साली सुरू झालेला. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. ते वारले तो तांग परगणा आज याच बाओडिंगच्या हद्दीत येतो. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून मी हजारदा गेलो असेन, पण बाओडिंग हे नाव पहिल्यांदा नीट वाचलं ते फिल्मच्या खोक्यामुळे. शाळेत भूगोल असा शिकवला असता तर माझे मार्क वाढले असते.

आता स्वस्त म्हणजे किती, ते सांगतो. पोस्टाच्या खर्चासकट एका रोलला जे पैसे पडले त्यात एक बरी सोलापुरी चादर आली असती. नामांकित कंपन्यांच्या रोलला दोन चादरी पडतात. एका चादरीत बारा फोटो, हा काही अण्णांच्या काळातला भाव नव्हे. तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' मिळायचा, सरकारी कारखान्याचा. तो आता इतिहासजमा झाला. त्यात फिल्मवर चांदीचे क्षार असतात आणि चांदीचं काय चाललंय ते सराफ कट्ट्यावर नुसतं उभं राहिलं तरी कळतं. किलोला लाखाच्या वर गेली तेव्हा आमच्या घरात जोडवी आणि फिल्म या दोन्ही विषयांवर एकाच दिवशी चर्चा झाली. जोडवी जिंकली.

माझ्याकडे दोन चादरीवालेही दोन रोल होते. ते कुठे होते? फ्रीजमध्ये, शेंगाचटणीच्या बरणीमागे, तीन वर्षं. फिल्म थंडाव्यात टिकते हे खरं, पण ते टिकवण्यासाठी ठेवलेले नव्हते. ते लायक प्रसंगाची वाट बघत होते. मी रोल खिशात घालून भुईकोट किल्ल्यात जायचो, बुरुजाकडे बघायचो, मनात म्हणायचो, एका फोटोला दीड-पावणेदोनशे रुपये पडतात, हा तेवढ्या लायकीचा नाही, आणि रोल परत चटणीमागे. सिद्धेश्वर तलावावर बगळा दिसला, तो जरा लांब होता. नंदीध्वजांची मिरवणूक दिसली, गर्दी फार होती. आमच्या एका मावशींकडे अशीच एक पैठणी होती. ती त्यांनी एकदाही नेसली नाही, आणि नेसायला काढली तेव्हा घडीवर चिरली होती. माझ्या त्या रोलांवरची तारीखही उलटून गेलीय.

लकीचा रोल मी आला त्याच दिवशी अण्णांच्या कॅमेऱ्यात भरला. एवढा एकच फरक, पण केवढा!

भरण्यातही मजा आहे. पस्तीस एमएमच्या फिल्मला डबी असते, एकशे वीसला नसते. लांबलचक कागदाला फिल्म चिकटवून दोन्हींची गुंडाळी केलेली असते, बस. कोडॅकने हे माप १९०१ साली काढलं आणि आजही तसंच चालू आहे. कागदाच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या मागे लाल काचेची छोटी गोल खिडकी असते, बाजूची चावी फिरवत राहायचं, खिडकीत आधी ठिपके सरकतात, मग आकडा हळूच डोकावतो. एक. लहानपणी हा आकडा बघायचा मान माझा होता. "आला का?" "येतोय... येतोय... आला!" अण्णा उन्हात खिडकीवर अंगठा ठेवायला लावत. पूर्वीच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल काच. नंतरच्या फिल्मला दिसू लागला, पण खिडकी लालच राहिली.

गंमत म्हणजे या धंद्यात हा कागदच नाकी नऊ आणतो. त्यातून उजेड आत जाता कामा नये आणि शाई फिल्मला लागता कामा नये. काही वर्षांपूर्वी एका बड्या कंपनीच्या रोलांमध्ये ते आकडेच फोटोत उमटायला लागले होते. म्हणजे माणूस समुद्रकिनारी उभा आणि आकाशात सूर्याऐवजी 'नऊ'. तेव्हा स्वस्त रोलाच्या कागदाची धाकधूक मलाही होती. पण माझा पहिला रोल बिघडला तो निव्वळ माझ्या अकलेने.

क्लिक थ्रीला एकच वेग, साधारण सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याचा. वर सूर्य आणि ढग अशी चित्रं, त्यातलं एक निवडायचं, संपलं. अण्णांच्या वेळच्या मंद फिल्मला ते पुरत होतं. मी आणली होती चारशेची, म्हणजे थोड्या उजेडातही भागणारी, तिखट. आणि काढायला गेलो कधी, तर एप्रिलमध्ये, दुपारी बारा वाजता, होम मैदानावर. सोलापूरचं ऊन! घरी येऊन हिशेब मांडला तर फिल्मला लागतो त्याच्या वीस-पंचवीस पट उजेड मी तिला पाजला होता. रोल धुतला तर निगेटिव्ह कोळशासारखी. खिडकीशी धरली तर आरपार काही दिसेना, ट्यूबलाइटला चिकटवली तेव्हा कुठे एका चौकटीत भेळेच्या गाड्याचं छप्पर ओळखू आलं.

ती निगेटिव्ह घेऊन नव्या पेठेतल्या काकांकडे गेलो. त्यांचा स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर चालतो, डार्करूममध्ये झेरॉक्सचे गठ्ठे आहेत. त्यांनी निगेटिव्ह दोन बोटांत कडेने धरली. धरण्यावरून माणूस कळतो.

"काय करलालास बे ह्ये? चारशेचा रोल घालून उन्हात?"

"चुकलं, काका."

"चुकलं म्हणे. आरं, उन्हं उतरल्यावर काढ. न्हाई तर सावलीत. ह्या डब्याला चारशेचा रोल म्हंजे म्हाताऱ्याला मिसळ." मग निगेटिव्ह परत देताना थांबून, "कितीला पडला रोल?"

सांगितलं.

"मग काय बिघडलं? घाल दुसरा."

स्वस्त फिल्मचं सगळं सार या पाच शब्दांत आलं. दोन चादरींचा रोल असता तर काकांनी हळहळून माझ्या खांद्यावर हात ठेवला असता आणि मी पुढची तीन वर्षं कॅमेऱ्याला शिवलो नसतो.

धुण्याची तऱ्हा वेगळीच. पुस्तकात लिहिलेलं असतं, डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध, वीस अंश सेल्सिअसला हवा. हे पुस्तक लिहिणारा माणूस सोलापुरात मे महिन्यात राहिलेला नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी असं येतं की त्यात चहाची पूड टाकून बघावी. फार गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि ओरखडे जातात, कधी त्याला भेगाही पडतात. फ्रीजचं पाणी मिसळून बघितलं, बर्फ टाकून बघितला, काटा एकदा पंधरावर तर एकदा तिसावर. शेवटी नजर गेली माठाकडे. थर्मामीटर घातला, चोवीस! आणि दर अर्ध्या तासाने बघितलं तरी चोवीसच. चोवीसला वेळ थोडा कमी धरायचा, की झालं. मी आनंदाने माठात लोटी बुडवली, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरात आली.

"त्यात ते औषध घालणार आहात?"

"माठात नाही गं, माठातलं पाणी औषधात."

"लोटी तीच ना?"

लोटी वेगळी आणली. माठही वेगळा आणावा लागला, तेव्हा रोलच्या किमतीत एक माठ धरायला हवा.

पाण्याचा प्रश्न मात्र नुसता गारव्यावर सुटत नाही. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं औषध, फिल्ममध्ये राहिला तर काही वर्षांनी फोटो पिवळे पडतात, म्हणून शेवटी भरपूर धुवावं लागतं. वाहत्या नळाखाली अर्धा तास, असं जुनी मंडळी सांगतात. वाहता नळ! आमच्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांनी, आणि आला की घरातली माणसं बादल्या घेऊन अशी धावतात की जणू रेल्वे सुटतेय. त्या वेळी मी मध्ये उभं राहून फिल्मवर पाणी सोडायचं म्हणजे घटस्फोटाला कारण. सुदैवाने इल्फर्ड या फिल्म कंपनीवाल्यांनी काटकसरीची एक रीत काढून ठेवलीय. फिल्म धुवायच्या बंद टँकमध्ये पाणी भरायचं, पाचदा उलटसुलट करायचं, ओतायचं. पुन्हा भरून दहादा, ओतायचं. पुन्हा भरून वीसदा. तीन लोट्यांत काम. ते इंग्लंडातले, धो धो पावसातले लोक, त्यांना हे सुचलं कसं कोण जाणे. आणि ते ओतलेलं पाणी झाडांना घालू नका, हे मी तुळस गेल्यावर शिकलो.

दुसरा रोल उन्हं उतरल्यावर काढला. तलावाच्या काठावर सातच्या सुमारास, ढगाच्या चित्रावर. मग पार्क चौपाटीच्या गाड्यांवर दिवे लागताना. पूर्व भागातल्या एका गल्लीत, जिथे अजून चार-सहा लूमचा खडखडाट ऐकू येतो, तिथे दाराशी बसून बिडी वळणाऱ्या दोन आजींना विचारून. त्यांनी आपसात तेलुगूत काही ठरवलं आणि मग मराठीत मला सांगितलं की चेहरा नको, हात काढ. हात काढले. असे अकरा झाले.

लाल खिडकीत बारा आला आणि आठ दिवस तसाच राहिला. काल संध्याकाळी बायको गच्चीवर कपडे काढत होती. म्हणाली, "तो कॅमेरा काय शोभेला ठेवलाय का टीपॉयवर? संपवा की तो एकदाचा." मी उचलला, गच्चीवर गेलो. दोरीवर टॉवेल होते, तिच्या खांद्यावर चादर, तोंडात दोन चिमटे. "माझा नको," असं ती चिमट्यांच्या आडून म्हणाली, ते बटण दाबून झाल्यावर ऐकू आलं.

काय आलंय कोण जाणे. चादर हलली असणार, तिसाव्या हिश्श्यात हलतेच. माठ भरून ठेवलाय, पण रोल धुवायला पिंपात पाणी उरलेलं नाही. नळ परवा येईल.