तुम्ही विचारलेत म्हणून : उडीचे श्रेय खेळाडूचे की पोलचे?

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मैदानी स्पर्धा आवडीने पाहतो, हे ठाऊक असलेले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात : आर्मांड डुप्लांटिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे लांब पोलच्या आधाराने उंचावरची आडवी दांडी ओलांडण्याच्या उडीत, ६.३० मीटरचा जागतिक विक्रम केला, त्यात त्याचे श्रेय किती आणि पोलचे किती? वाकलेला पोल गलोलीसारखा असतो आणि खेळाडू तिच्यातल्या दगडासारखा भिरकावला जातो, असा समज या प्रश्नामागे असतो. परंतु गलोलीचे रबर ताणणारा आणि तिच्यातून सुटणारा येथे एकच असतो.

हिशेब धावण्यापासून सुरू होतो. सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूची सगळी गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य सुमारे ४.६ मीटर वर चढेल. जमिनीवरून सुटताना तो एक मीटरहून थोडा अधिक उंचीवर असतोच, म्हणजे बेरीज पावणेसहा मीटरच्या आसपास जाते. या हिशेबात वजन येत नाही आणि वेगाचा वर्ग येतो. त्यामुळे सेकंदाला अर्धा मीटर वेग वाढवला, तर उंचीत सुमारे अर्ध्या मीटरची भर पडते. डुप्लांटिसच्या यशाचे सर्वांत मोठे कारण मला त्याच्या धावेतच दिसते. चित्रफितीत नजर वाकलेल्या पोलवर खिळते, हा आपला दोष.

मग पोल काय करतो? १९४२ मध्ये कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने बांबूच्या पोलने ४.७७ मीटर उडी मारली आणि १९६० पर्यंत हा विक्रम अवघ्या तीन सेंटिमीटरने पुढे सरकला. त्यानंतर काचतंतूंचे (फायबरग्लासचे) पोल आले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये जॉन पेनेल ५.२० मीटरवर पोहोचला. लवचीक पोलने स्वतःची ऊर्जा घातली नव्हती. उलट वाकून सरळ होताना तो थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतोच. ताठ पोल धावपट्टीच्या टोकाला जमिनीत बसवलेल्या पेटीत टेकताच बसणारा धक्का हात, खांदे आणि पाठ यांतून जाई आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाई. लवचीक पोल हा धक्का लांबवतो आणि वेगाचा मोठा भाग वाकण्याच्या रूपाने साठवून ठेवतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाकल्यामुळे पेटीपासून पकडीपर्यंतचे सरळ अंतर कमी होते, खेळाडू आणि पोल यांचे पेटीभोवतीचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, घटते आणि त्यामुळे पोल उभा होणे सोपे जाते. म्हणूनच आज खेळाडू पोल पूर्वीपेक्षा बराच उंच धरू शकतात.

पोल वाकलेला असताना खेळाडू स्वस्थ लटकत नाही, हा भाग प्रश्न विचारणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तो मागे राहिलेला पाय सरळ ठेवून जोराने वर झुलवतो, पोटाच्या व खांद्यांच्या स्नायूंनी शरीर उलटे करतो, मग पोल सरळ होत असताना स्वतःला वर ओढतो आणि शेवटी पोलला खाली रेटून त्यापासून सुटतो. हे स्नायूंचे काम व्यवस्थेत नवी ऊर्जा ओतते. त्यामुळे उत्तम उडीत वाटेतील सर्व तोटा भरून निघतो आणि शेवटची एकूण ऊर्जा धावेतल्या ऊर्जेहून अधिक भरू शकते. उलटे होण्यास उशीर झाला, तर पोल त्याला वर ढकलण्याऐवजी पुढे ढकलतो आणि दांडी पडते.

म्हणून अधिक लवचीक पोल म्हणजे अधिक उंच उडी, हेही खरे नाही. पोल फार मऊ असेल, तर तो जास्त वाकतो आणि खेळाडू पुढे वाहून जाईपर्यंत पुरता सरळ होत नाही. फार ताठ असेल, तर तो उभाच होत नाही आणि खेळाडू धावपट्टीकडे परत फेकला जातो. ताठ पोल वाकवायला वेग लागतो, शिवाय उडण्याच्या क्षणी हात पूर्ण वर ताणलेले असावे लागतात. सर्गेई बुबका असे ताठ पोल उंच पकडीने वापरत असे आणि १९९४ मध्ये त्याने ६.१४ मीटर उंची ओलांडली. स्पर्धेत खेळाडू वेगवेगळ्या ताठरतेचे अनेक पोल घेऊन येतात आणि धाव त्या दिवशी कशी लागते आहे, वारा समोरून आहे की पाठीमागून, हे पाहून त्यांतला एक निवडतात.