खेत आधी, त्सादे नंतर

सकाळी नऊच्या सुमारास ज्यू थडग्याचा तो तुटका दगड मांडवात आला. ४६ सेंटिमीटर लांब, ३१ रुंद, ११ जाड, वालुकाश्माचा. वजन पस्तीसेक किलो, म्हणजे दोघांनीच उचलायचा. इतकी वर्षं तो एका घराच्या मागच्या दाराची पायरी होता. घरमालकाने आपणहून काढून दिला, म्हणून गावाचं नाव इथे देत नाही. पोलंडचा पूर्वेकडचा लुब्लिन भाग, एवढं पुरे.

या भागातल्या ज्यू दफनभूमींमधले थडग्यांचे दगड, म्हणजे मात्सेवा, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उपटून रस्त्यांना आणि अंगणांना फरसबंदी म्हणून घातले. युद्धानंतरही ते पायऱ्यांना, गोठ्यांना वापरले गेले, काहींची तर गोल कापून धार लावायची चाकं केली गेली. विस्तुला नदीकाठच्या काझिम्येश दोल्नीतल्या ज्यूंना १९४२ मध्ये आधी ओपोले लुबेल्स्कीला हलवलं आणि तिथून मृत्युछावण्यांकडे पाठवलं. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिथल्या मठात ठाण मांडलं होतं आणि त्या मठाच्या अंगणात तिथल्याच मात्सेवा अंथरलेल्या होत्या. १९८४ मध्ये तादेउश आउगुस्तिनेक यांच्या आराखड्यानुसार त्या तुकड्यांची भिंत उभी राहिली. मधोमध वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी भेग ठेवलेली. या गावात आम्ही बांधत होतो ती भिंत बरीच लहान, पण पद्धत तीच: कोणता तुकडा कोणाच्या थडग्यावरचा हे कळायला मार्ग नाही, म्हणून सगळे एकत्र भिंतीत.

पायरीच्या दगडाचं एक बरं असतं. सपाट पाठ वर आणि अक्षरं खाली मातीत असली, तर अक्षरं शाबूत राहतात. हा तसाच निघाला. अशा दगडावर लगेच ब्रश चालवायचा नाही. या मात्सेवा रंगवलेल्या असत आणि खाचेत रंगाचा कण उरलेला असू शकतो. आधी ओल्या कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यात तपासायचं. रंग सुटत नसेल तर दगड पूर्ण भिजवायचा आणि मऊ ब्रशने खालून वर जायचं. वरून सुरुवात केली की मळकट ओघळ कोरड्या भागात मुरतात आणि पुढे निघत नाहीत. चिकटलेली माती लाकडी पट्टीने काढायची. तारेचा ब्रश, आम्ल, दाबाच्या पाण्याचा पंप, सगळं वर्ज्य. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक पीठ चोळतात किंवा दाढीचा फेस फासतात. पिठावर बुरशी येते, फेसातला अंश छिद्रांत बसतो. त्यापेक्षा ताडपत्रीची सावली करावी आणि एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर, आरशाने ऊन पाडावं. पुसट खाचही सावलीने भरून येते.

तसं ऊन पाडल्यावर शेवटच्या दोन ओळी वाचता आल्या. वरचा भाग तुटलेला. ‘बत’, म्हणजे ‘अमक्याची मुलगी’, एवढा शब्द उरला होता. बापाचं नाव पहिल्या अक्षरानंतर तुटलेलं. त्याखाली तारीख. आमच्या गटातल्या मुलीने ती वहीत उतरवली आणि सालापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. प्रश्न रास्त होता.

हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात. ताव ४००, रेश २००, त्सादे ९०, खेत ८, अशी प्रत्येकाची किंमत. हजार सहसा सोडून देतात आणि पुढे ‘लामेद, पे, कुफ’ ही ‘छोटी गणना’ सांगणारी खूण कोरतात. नवख्याकडून कधीकधी तीही बेरजेत धरली जाते. आलेल्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन. सगळा घोटाळा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत होतो. दालेत ४ आणि रेश २००, फरक फक्त कोपऱ्याच्या टोकाचा, चूक १९६ वर्षांची. ‘हे’ नावाचं अक्षर ५ आणि खेत ८, फरक डाव्या पायाच्या वरच्या फटीचा. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या थडग्यांवर हिब्रूखाली देवनागरीत मराठी तारीख सापडते, त्यामुळे ताळा पडतो. मी वाचायला तिथेच शिकलो. इथे दुसरी लिपी नाही, ताळा दगडातूनच काढावा लागतो.

मोठ्या किमतीचं अक्षर आधी, लहान नंतर, हा नियम. इथे मात्र ताव, रेश, खेत, त्सादे. आठ आधी, नव्वद नंतर. मुलीला वाटलं की आपण खेत चुकीचं वाचलं. आरसा फिरवून पाहिलं, वरची फट नव्हती, खेतच होतं. आणि ते ‘हे’ असतं तरी क्रम उलटाच राहिला असता. कारागिराची चूकही नव्हती.

क्रमाने लिहिलं तर होतं ताव, रेश, त्सादे, खेत. हीच चार अक्षरं दहा आज्ञांमधल्या ‘खून करू नकोस’ या आज्ञेत आहेत. नकाराचा शब्द आधी नसेल, तर उरतं ‘तू खून करशील’. ते साल असं लिहायला बरेच लोक धजत नव्हते, म्हणून शेवटची दोन अक्षरं अदलाबदल करायचे. बेरीज तीच, ६९८. पूर्ण साल ५६९८, सप्टेंबर १९३७ ते सप्टेंबर १९३८.

हे समजावून सांगताना माझा आवाज नीट निघेना. मुलीने आरसा खाली ठेवला.

महिना तेवेत, दिवस ‘योद’, म्हणजे १०, आणि पुढे बेत (२) किंवा काफ (२०). दहानंतर वीस येऊ शकत नाही, म्हणजे बेत: १२. सालात १२४० मिळवून १९३८ येतात, पण हिब्रू वर्ष शरदात सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेच्या सालातून एक वजा करावा लागतो. १६ डिसेंबर १९३७.

दुपारी दगड भिंतीत बसवला. दफनभूमीत पाया खणता येत नाही. हाडांना धक्का लागू नये हा धर्माचा नियम, आणि इथे त्यावर रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, आयोगाची देखरेख असते. म्हणून खडीच्या दाबलेल्या थरावर सळईचा काँक्रीट स्लॅब, आणि भिंत त्याच्यावर. तुकड्यांमध्ये सिमेंट भरायचं नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी बाहेर सोडत नाही, आणि थंडीत गोठलेलं पाणी सांध्याऐवजी दगडाचा पापुद्रा काढतं. एक भाग चुना, अडीच भाग वाळू. आधाराची खुंटी स्टेनलेस स्टीलची. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून फोडतं. मेणबत्त्यांचा कट्टा भिंतीपासून वेगळा ठेवला, कारण वालुकाश्मात मुरलेलं मेण निघत नाही.

हा तुकडा खालच्या रांगेत जायचा होता. आम्ही तो डोळ्यांच्या उंचीवर घेतला, साल उजव्या हाताच्या उन्हाकडे. सांध्यांवर ओलं गोणपाट टाकलं, चुना तीन दिवस वाळू द्यायचा नव्हता. मुलीने वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि साल दगडावर होतं त्याच क्रमाने लिहिलं, खेत आधी, त्सादे नंतर.