जुनी डीएलएल, सी शार्पचा कोड: प्रगतीची नोंद, भाग ३

काम असं: जुन्या डीएलएलमधली (कंपाइल केलेल्या कोडची विंडोज फाइल) सी फंक्शन्स सी शार्पमधून बोलवायची. सद्यस्थिती: डीएलएल ३२-बिटची, सोर्स नाही, हाताशी फक्त हेडर फाइल (फंक्शन्स आणि स्ट्रक्चरची घोषणा असलेली). साधी फंक्शन्स, स्ट्रक्चर आणि कॉलबॅक (डीएलएलने उलट बोलवायचं आपलं फंक्शन) मार्गी लागले. स्ट्रिंगची निम्मी फंक्शन्स बाकी.

प्रोजेक्ट एक्स८६ (म्हणजे ३२-बिट) वरच ठेवायचा. प्रोसेस ६४-बिटची झाली की पहिल्याच कॉलला बॅडइमेजफॉरमॅटएक्सेप्शन. फाइल समोर असूनही डीएलएलनॉटफाउंडएक्सेप्शन आलं, तर ती ज्यांच्यावर विसंबून आहे त्या डीएलएल तपासा. बहुतेकदा जुनं सी रनटाइम गायब असतं.

कॉलिंग कन्व्हेन्शन (आर्ग्युमेंट कसे द्यायचे आणि स्टॅक कोणी साफ करायचा याची पद्धत) डम्पबिन या डीएलएल तपासायच्या टूलच्या एक्सपोर्ट यादीतून अर्धं कळतं. नावाच्या शेवटी @८ असेल तर एसटीडीकॉल, ८ बाइटचे आर्ग्युमेंट. नाव साधंच असेल तर हेडर बघायचा, कारण विंडोजवर डीएलएलइम्पोर्ट (सी शार्पमध्ये बाहेरचं फंक्शन जाहीर करायचं अ‍ॅट्रिब्यूट) काही न सांगता एसटीडीकॉल धरतो आणि सी लायब्ररी बहुधा सीडेक्ल असते. ६४-बिटवर ही भानगडच नाही, तिथे एकच पद्धत.

सगळ्यात जास्त वेळ स्ट्रक्चरने खाल्ला. त्यात क्रमाने चार फील्ड: कॅर, इंट, शॉर्ट, डबल. हेडरमध्ये बरंच वर प्रॅग्मा पॅक १ (फील्डमध्ये रिकामी जागा सोडू नको) लिहिलेलं, म्हणजे १ + ४ + २ + ८ = १५ बाइट. सी शार्पमध्ये पॅक न दिल्यास मधल्या रिकाम्या जागा धरून तेच २४ होतात. एरर येत नाही. पहिलं फील्ड बरोबर, पुढचा सगळा कचरा. उपाय: स्ट्रक्चरवरच्या स्ट्रक्टलेआउट अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पॅक = १. हेडर घेऊन पाच ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा, साइजऑफ छापा आणि मार्शल.साइजऑफशी ताडून बघा. आकडे जुळेपर्यंत फंक्शनला हात लावू नये. सीचा लाँग विंडोजवर ४ बाइटचा, म्हणून सी शार्पमध्ये इंट. लाँग लिहिलं की पुन्हा घोळ. बूलचंही तसंच: विंडोजचा बूल ४ बाइट, पण सी++चा १, तिथे मार्शलअ‍ॅजमध्ये आय१ द्यावं लागतं.

कॉलबॅक काही वेळा नीट चालून मग प्रोसेस कोसळायची. डेलिगेट (फंक्शनचा संदर्भ धरणारा सी शार्पचा ऑब्जेक्ट) थेट आर्ग्युमेंटमध्ये दिलेला, त्याचा संदर्भ कुठेच धरलेला नाही, त्यामुळे गार्बेज कलेक्टरने (वापरात नसलेली मेमरी सोडवणारा) तो उचलला. नेटिव्ह बाजूला, म्हणजे डीएलएलकडे, पत्ता मात्र जुनाच. डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला की थांबतं. पिन करायची (मेमरीत जागेवर खिळवायची) गरज नाही. खात्री करायला नोंदणीनंतर लगेच जीसी.कलेक्ट बोलवा, तेही रिलीज बिल्डमध्ये. डीबगमध्ये लोकल व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत राहतं आणि चूक झाकली जाते.

आता स्ट्रिंग. कॅर पॉइंटर परत देणाऱ्या फंक्शनचा रिटर्न टाइप स्ट्रिंग लिहिला, तर मार्शलर (सी आणि सी शार्पमध्ये डेटा बदलून देणारा भाग) मजकुराची प्रत काढून मूळ पॉइंटर विंडोजच्या कोटास्कमेमफ्रीने मोकळा करतो. लायब्ररीने तो स्वतःच्या स्टॅटिक बफरमधून दिला असेल, तर हीप बिघडते: ०एक्ससी००००३७४, आणि तेही भलत्याच ओळीवर. म्हणून रिटर्न टाइप इंटपीटीआर (सी शार्पचा नुसता पत्ता धरणारा टाइप), मग मार्शल.पीटीआरटूस्ट्रिंगअँसी. मेमरी लायब्ररीने दिली असेल तर सोडायचं फंक्शनही तिचंच वापरायचं.

पुढच्या भागात: उरलेली स्ट्रिंग फंक्शन्स आणि हँडलसाठी सेफहँडल (हँडल आपोआप बंद करणारा क्लास).