पोरांनी जाळलं तर भरून कोण देणार?

रविवारी सकाळी नाशिकमध्ये सातपूरला वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही तिघं-चौघं मायक्रोबिट (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटासा बोर्ड), एलईडी, छोट्या मोटरी असलं सामान घेऊन बसतो. पाचवी ते नववीची पोरं येतात, बऱ्याच जणांचे आईवडील एमआयडीसीत कंत्राटी नाहीतर सीझनला द्राक्षाच्या बागेत. लोक विचारतात शाळेत लॅब असते ना, मग हे कशाला?

असते की. एका शाळेत बघितली पण, किट एकदम चकाचक, पाकिटं फोडलेली सुद्धा नाहीत. सर म्हणाले, "डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद आहे हो, पोरांनी जाळलं तर भरून कोण देणार?" आणि खरं सांगू का, सरांचा रागही येत नाही, उद्या तपासणीला उत्तर त्यांनाच द्यायचंय. शाळेत असल्या लॅबसाठी केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, योजना मस्तच आहे. पण जळणार, हरवणार, तुटणार याचा हिशोब आधीच धरलेला नसेल तर लाखाची वस्तू कपाटातच राहणार.

म्हणून आमच्याकडे एलईडी जळाला तर कोणी ओरडत नाही. लांब पाय प्लस, आखूड मायनस हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं तरी उलटा लावून बघितल्याशिवाय कोणाच्या डोक्यात बसत नाही, आणि एलईडी मिळतो रुपया-दोन रुपयाला.

मायक्रोबिट तसा महाग आहे, पण त्याची एक गोष्ट आपल्यासारख्यांना फार सोयीची. लॅपटॉपला लावला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाकली की प्रोग्राम त्याच्यातच राहतो, मग रिमोटचे दोन बारीक सेल लावायचे आणि पोरगं ते घेऊन बाहेर पळालं तरी चालतं. म्हणजे एका जुन्या लॅपटॉपवर आठ-दहा पोरांचं भागतं, आणि मेककोडचं (ज्यात प्रोग्राम बनवायचा ते) ऑफलाइन ॲप टाकून ठेवलं की नेटही लागत नाही. (बीबीसीने तिकडे ब्रिटनमध्ये 11-12 वर्षांच्या पोरांना हे फुकट वाटले होते, 10 लाखांच्या आसपास!)

आठवीतल्या एका मुलीने दोन खिळे तुळशीच्या कुंडीत खुपसले, क्रोकोडाइल क्लिपने बोर्डाला जोडले. ओली माती करंट जास्त सोडते, कोरडी कमी, त्यामुळे बोर्ड दाखवतो तो आकडा 0 ते 1023 मध्ये वरखाली होतो. आता पाणी घाल म्हणून सांगणारा आकडा कोणता, हे मी सांगितलं नाही, ती पाणी घालून घालून स्वतःच शोधत बसली. पुढच्या रविवारी खिळे काळे-तांबूस पडलेले, आकडेही भलतेच. "दादा, खिळा का खराब झाला?" म्हणून सुरू झालं ते इलेक्ट्रोलिसिसपर्यंत, म्हणजे ओल्या मातीतून करंट गेला की खिळा झिजतो इथपर्यंत गेलं. आता ती आकडा घ्यायचा तेवढ्यापुरताच करंट सोडते, बाकी वेळ बंद, खिळे बरेच टिकतात. तिची आई बागेत थिनिंगला (द्राक्षाचे जादा मणी काढायला) जाते, तिने विचारलं, "आमच्या मालकाच्या ड्रीपला लागेल का गं हे?"

पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून पोरांना हाताने काम करतच शिकवतात, म्हणजे आम्ही काही नवीन करतोय असं नाही.

सध्या अडलंय ते क्लिपांवर, त्या सगळ्यात आधी तुटतात. आणि कोणाकडे चालू बॅटरीचा जुना लॅपटॉप पडून असेल तर कळवा, रविवारी नेमकी लाइट जाते.