कोलाडची बॅकपॅकर बस आणि तंदुरुस्तीचा दाखला: माझा अनुभव

ठाण्याहून सुटणाऱ्या बॅकपॅकर बसनं कोलाडला राफ्टिंगला जायचं मनात असेल आणि पन्नाशी उलटली असेल, तर बॅग नंतर भरा, आधी डॉक्टर गाठा. तोही एमबीबीएस, शिक्क्यावर नोंदणी क्रमांक असलेला आणि कागदावर 'राफ्टिंग' लिहायला न घाबरणारा. हे तीन गुण एकाच माणसात सापडेपर्यंत मी चालत कोलाडला पोचले असते.

बाकी सगळं सुरळीत झालं. जाहिरात भाचीनं पाठवली: दोन दिवस, एक रात्र तंबूत, राफ्टिंग, कयाकिंग, झिपलाइन, रॅपलिंग, आणि बसमध्ये सगळे एकमेकांना अनोळखी. मला नेमकं तेच हवं होतं. ओळखीच्या लोकांबरोबर गेलं की कुणाला एसी नको असतो, कुणाला कांदा-लसूण नको असतं. 'अगं, या वयात?' म्हणायला घरात हे होतेच, पण ज्या माणसाला तलावपाळीची बोटसुद्धा नको असते त्याचं पाण्याच्या बाबतीत किती ऐकायचं? यूपीआयनं पैसे भरून मोकळी झाले.

पैसे भरल्यावर फॉर्म आला. आधी पैसे, मग फॉर्म. रद्द केलं तर निम्मी रक्कम कापणार, हे त्याच फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, म्हणून सांगते, पैसे भरण्याआधीच फॉर्म मागवून घ्या आणि वाचा. नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर, व्हेज की नॉनव्हेज, टी-शर्टचा साइज, सगळं भरून झालं. मग शेवटचा रकाना: वय 50 च्या वर असल्यास एमबीबीएस डॉक्टरांचा, सर्व साहसी उपक्रमांसाठी तंदुरुस्त असल्याचा, सात दिवसांच्या आतला दाखला अपलोड करावा.

आमचे घरचे डॉक्टर नौपाड्यात. मुलाच्या गोवरापासून सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सगळं त्यांनीच बघितलं. माझं बीपी कधी चढतं आणि कुणामुळे चढतं, हेही त्यांना माहीत आहे. त्यांनी तपासलं, लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला, पैसे घेतले नाहीत. "वहिनी, बिनधास्त जा. फोटो पाठवा." कागद अपलोड केला. दुसऱ्या दिवशी आयोजकांकडून मेसेज: 'मॅम, डॉक्टर बीएएमएस आहेत. एमबीबीएस पाहिजे.' म्हणजे आयुर्वेदाची पदवी चालत नव्हती.

फोन लावला. पलीकडे पंचविशीतला मुलगा. त्याला म्हटलं, अरे बाळा, ह्या माणसानं मला वीस-पंचवीस वर्षं पाहिलंय. जो एमबीबीएस मला पहिल्यांदाच पाच मिनिटं बघणार, त्याचा कागद तुला जास्त खरा वाटतो? "मॅम, बरोबर आहे तुमचं, पण इन्शुरन्सवाले मागतात." त्याच्या हातात काही नव्हतं. ज्यांच्या हातात असतं ते फोन उचलत नाहीत.

मग एका मोठ्या पॉलिक्लिनिकमध्ये गेले. केसपेपर, टोकन, बाकावर बसणं. शेजारच्या आजोबांनी 'काय होतंय?' विचारलं. 'काही नाही, तेच लिहून घ्यायला आलेय,' म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच खोकले. आत डॉक्टरांनी मान वर न करता ईसीजी सांगितला. ईसीजी चांगला आला, तर म्हणाले स्ट्रेस टेस्ट करून घ्या. का? 'एज आहे.' ट्रेडमिलवर चालून, धावून, छातीवरच्या चिकट खुणा पुसत खाली आले. तोही रिपोर्ट चांगला. एवढं झाल्यावर त्यांनी एका ओळीचा दाखला दिला: प्रवासासाठी तंदुरुस्त.

अपलोड केला. उत्तर: 'मॅम, यात ॲक्टिव्हिटीचं नाव नाही.'

परत गेले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, नवीन केसपेपर काढावा लागेल. कशाचा, म्हटलं, एक शब्द वाढवायचाय. "शब्द डॉक्टर वाढवणार ना, मॅडम? मग कन्सल्टेशन झालं." पैसे भरले. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, तुम्ही ठणठणीत आहात. पण राफ्टिंग वगैरे मी लिहिणार नाही. उद्या बोटीतून पडलात तर पोलीस माझ्या दारात." मी म्हटलं, पडले तर नदीमुळे पडेन, हृदयामुळे नाही. ते हसले, पण लिहिलं नाहीच.

संताप ह्याचा की दोघंही आपापल्या जागी बरोबर. आयोजकाला कुणाची तरी सही हवी, म्हणजे काही झालं तर बोट तिकडे दाखवता येतं. डॉक्टरला ते बोट आपल्याकडे नको. मधल्या मधे मी, हातात गुळगुळीत कागदावरचा ईसीजी घेऊन. आणि सात दिवसांची अट असल्यामुळे मधे रविवार आला, सुट्टी आली की जुना दाखला शिळा होत जातो तो वेगळाच.

सुटका वर्तकनगरला झाली. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सोसायटीत तळमजल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना आहे. बाईच ट्रेकिंगवाल्या निघाल्या. त्यांनी रिपोर्ट बघितले आणि मग जे विचारलं ते आत्तापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. कधी चक्कर येऊन पडलात का? दमा? खांदा कधी निखळला होता? गुडघा जिना उतरताना दुखतो की चढताना? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पोहता येतं? उंचीवरून खाली बघितल्यावर काय होतं? मग म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून या, लिफ्टनं नाही." आल्यावर मनगट धरून घड्याळाकडे बघत बसल्या, मिनिटभर थांबून परत नाडी मोजली. ओळखीची खूण विचारली. डाव्या भुवईवरचा तीळ लिहिला, त्याखाली माझी सही घेतली.

आणि मजकूर असा: आजच्या तारखेस तपासणी केली असता नाडी, रक्तदाब व ईसीजी सामान्य, सांगितलेल्या माहितीनुसार पूर्वीचा गंभीर आजार नाही, राफ्टिंग, रॅपलिंग, झिपलाइन व कयाकिंगमध्ये भाग घेण्यास वैद्यकीय हरकत आढळली नाही. इंग्रजीत लिहिलं, मी मराठीत देतेय. गंमत अशी की ह्या वाक्यात 'तंदुरुस्त' असं कुठेच नाही. 'आज मला हरकत दिसली नाही,' एवढंच डॉक्टर म्हणतात, म्हणजे सही करताना त्यांचा हात अडत नाही. आणि चारही ॲक्टिव्हिटींची नावं आल्यामुळे आयोजक गप्प. कुणी अडकलं असेल तर हेच वाक्य डॉक्टरांपुढे ठेवून बघा. ठेवा मात्र अदबीनं. 'मला असं लिहून द्या' म्हणालात की झालं, कुठलाच डॉक्टर ऐकणार नाही.

अपलोडला फाइल मोठी पडली, ती भाचीनं लहान करून दिली. हिरवी खूण आली तेव्हा मी सोफ्यावर बसून एकटीच 'हुश्श' म्हणाले.

एक आत्ताच आठवलं. ते आपल्याकडून एवढे कागद मागतात, तर आपणही मागावेत. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्याप्रमाणे असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. दाखला मंजूर झाल्यावर मी त्या मुलाला विचारलं, बाळा, आता तुमचं नोंदणी प्रमाणपत्र पाठव. जरा गडबडला, पण संध्याकाळपर्यंत पाठवलंन. ते उघडून बघताना मला जे समाधान मिळालं ते झिपलाइनवर नाही मिळालं.

पहाटे तीन हात नाक्यावरून बस वेळेत निघाली. पहाटेच का निघायचं, हे तिथं गेल्यावर कळतं. पावसाळा सोडला तर कोलाडच्या कुंडलिका नदीत राफ्टिंग होतं ते सोडलेल्या पाण्यावर. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीज केंद्रात आणतात आणि वीज करून झाली की ते कुंडलिकेत येतं. ते सकाळी सुटतं. त्या पाण्याबरोबर निघालात तर राफ्टिंग, नाहीतर गोट्यांवर बसून फोटो. भिऱ्याचं केंद्र 1927 सालचं. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 ते 1924 मुळशी सत्याग्रह केला होता, हे मी बसमध्ये सांगितल्यावर मागच्या सीटवरचा कल्याणचा मुलगा म्हणाला, "म्हणजे काकू, हे पाणी खरं तर पुण्याकडे जायचं?" अगदी बरोबर. मुळा नदीचं पाणी, पूर्वेला जाणारं, वळवून कोकणात उतरवलेलं. पोराला चटकन कळलं याचं मला फार कौतुक वाटलं.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. फक्त मागच्या चाकावरची सीट घेऊ नका.

बसमध्ये ओळखपरेड झाली. ऐरोलीची एक नर्स, कोपरखैरण्याचा औषधांच्या दुकानातला माणूस, कल्याणचे दोन भाऊ, नुकतीच नोकरी सोडलेली एक मुलगी, जी कारण विचारलं की 'पुढचा प्रश्न' म्हणायची. वडखळ येईपर्यंत मी काही मॅम राहिले नव्हते, काकू झाले होते आणि माझे बेसनाचे लाडू संपले होते. खाऊ न्या. ह्याहून सोपी ओळख करून देणारी गोष्ट मला माहीत नाही.

माझा दाखला बसमध्ये कुणी मागितला नाही. कॅम्पवर नाही, नदीवरही नाही. तिथल्या गाइडनं (भिऱ्याच्या बाजूच्याच एका गावचा, काळा, काटक, पायात तुटकी फ्लोटर) आम्हाला ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला खांद्यापाशी धरून वर ओढलं. जॅकेट कानापर्यंत सरकलं की पट्टे पुन्हा आवळायचे. माझं सरकलं. दोन्ही पट्टे ओढून म्हणाला, "मावशी, श्वास घेताना जरा त्रास झाला पाहिजे, तेव्हा बरोबर." मग सगळ्यांना विचारलं, दमा कुणाला, फिट कुणाला येते, खांदा कुणाचा निखळतो. कल्याणच्या धाकट्यानं हात वर केला. खांदा! त्याच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता, कारण तो चोवीस वर्षांचा. गाइडनं त्याला मधे बसवलं आणि वल्हं जोर लावून मारू नको म्हणून बजावलं. मला वर्तकनगरच्या बाईच आठवल्या.

काठावर गेलो तेव्हा पाणी जेमतेम होतं, राफ्ट दगडांवर टेकलेले. मग एक जण ओरडला, "सुटलं रे!" आवाज आधी आला. बघता बघता समोरचा एक चपटा दगड, ज्यावर कुणीतरी चप्पल ठेवली होती, तो गेला, चप्पलही गेली. राफ्ट आपोआप उचलला गेला.

पुढे साधारण 12 किलोमीटर, दोन-अडीच तास. लाटा मध्यम, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या, पण पहिल्याच लाटेत तोंडावर पाणी आपटलं की श्रेणीबिणी आठवत नाही. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ कधीही सोडायची नाही. ती सुटली की शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय वर, प्रवाहाच्या दिशेनं, आणि उथळ वाटलं तरी उभं राहायला जायचं नाही, पाय दगडात अडकतो. नर्सबाई पडल्या आणि अगदी तसंच केलंन. मी पडले नाही. शांत पाण्यात मात्र गाइडनं विचारल्यावर सगळ्यांत आधी उडी मारली. चष्म्याला दोरी बांधा, हे आधीच लिहायला हवं होतं.

दुपारी कयाकिंग, झिपलाइन, रात्री शेकोटी, तंबू. थंडी बरीच असते, पातळ शाल पुरत नाही. दुसऱ्या दिवशी रॅपलिंग. त्यात कठीण फक्त पहिलं पाऊल. कड्याकडे पाठ करून मागे रेलायचं आणि सगळा भार दोरावर सोडायचा. निघण्याआधी हार्नेसच्या (कमरेला बांधतात त्या पट्ट्यांच्या) कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू स्वतः फिरवून बघा, तो बंद असला पाहिजे. मी बघितला. मुलं हसली, पण मग त्यांनीही बघितला.

परतीचं तेवढं आधी ठरवून घ्या. जाताना बस ठाण्यातून भरते म्हणून येताना ठाण्यात रिकामी होईलच असं नाही. आमच्या ड्रायव्हरनं रात्री उशिरा ऐरोलीला बस थांबवली आणि म्हणाला, ठाण्याची तिघंच आहेत, इथून रिक्षा मिळेल. मी जाहिरात काढून दाखवली, त्यात फक्त निघायची जागा होती, सोडायची नव्हती. नर्सबाईंचा भाऊ गाडी घेऊन आला होता म्हणून आम्ही तिघं ठाण्याला पोचलो. असा भाऊ दर वेळी मिळणार नाही, तेव्हा पैसे भरायच्या आधी मेसेज करून शेवटचा थांबा कुठला ते लिहून घ्या, आणि तो मेसेज पुसू नका.